मल्लखांबपटूचे रिग : वडोदऱ्यातील प्रकल्प नोंदी

२ जून

काम ठरले. दीड मिनिटाची त्रिमितीय अ‍ॅनिमेशनची प्रशिक्षण-फीत, पुरलेला मल्लखांब आणि त्यावर साधारण चौदा वर्षांचा एकच मुलगा. सलामी, साधी अढी (मांड्यांनी खांब आवळून धरणे), अढीतून वर येणे, फिरकी, बोंडावरचा (खांबाच्या गोल टोकावरचा) ताजवा आणि उडी मारून उतरणे. मॉडेल आलेले आहे, अ‍ॅनिमेशन दुसरी तुकडी करणार, आमच्याकडे रिग, म्हणजे मॉडेल हलवण्यासाठी त्याच्या आतला सांगाडा आणि त्याची नियंत्रणे. सगळे ब्लेंडर ४.२ या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये. ही दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती असल्यामुळे काम अर्ध्यावर असताना साधने बदलावी लागणार नाहीत.

ब्लेंडरसोबत येणाऱ्या रिगिफाय या साधनातून निघणारे तयार मानवी रिग चालणाऱ्या माणसासाठी उत्तम असते. पाय जमिनीवर, कंबर त्यांच्यावर, हात मोकळे, हे त्यात गृहीत धरलेले असते. मल्लखांबावर यातले काहीच टिकत नाही. वजन कधी हातांवर, कधी मांड्यांवर, कधी बगलेत, कधी एकाच पावलावर असते आणि दोन-तीन सेकंदांत बदलते. म्हणून पहिला प्रश्न ‘किती बोन (सांगाड्यातली हाडे) लागतील’ हा नाही. ‘या क्षणी शरीर कशाला धरून आहे’ हे रिगला सांगता आले पाहिजे, आणि बाकीची मांडणी त्यातून निघाली पाहिजे.

या शहरात तर यात सूट घेताच येणार नाही. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे आणि प्रा. माणिकरावांच्या कामामुळे इथल्या कित्येक घरांत मल्लखांबावर चढलेला कोणीतरी असतो. अढीत मांडी आणि खांब यांच्यामध्ये बोटभर फट दिसली की त्यांना ती पहिल्याच फ्रेमला दिसणार.

४ जून

आखाड्यात सकाळी संदर्भ-चित्रण. दोन फोन तिपाईवर, एक समोर, एक बरोबर ९० अंशांवर बाजूला. दोन्ही खांबापासून ४ मीटरवर, लेन्सची उंची १.३ मीटर, म्हणजे खांबाच्या निम्म्यावर. सेकंदाला ६० फ्रेम, शटर १/५००. शटर याहून मंद ठेवला तर फिरकीत पावले पुसट होतात आणि घोट्याचा कोन वाचता येत नाही. झूम वापरला नाही.

खांबाला एरंडेल चोळलेले असल्यामुळे त्यावर खुणेची चिकटपट्टी धरत नाही. त्याऐवजी खांबाच्या शेजारी, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर, दर २५ सेंटिमीटरला खूण केलेली लाकडी पट्टी उभी केली. पट्टी खांबाच्या मागे ठेवली तर दूर असल्यामुळे ती लहान दिसते आणि सगळी मापे फुगतात.

मोजलेला खांब : जमिनीपासून उंची २.६० मीटर, तळाचा घेर ५५ सेंटिमीटर, मानेखाली ३२. अढी जिथे बसते तिथे, म्हणजे १.६ मीटरच्या आसपास, घेर ३९ आणि त्रिज्या साधारण ६.२ सेंटिमीटर. हा आकडा पुढे फार लागणार आहे. मांडीचा मांसल भाग खांबात किती आत गेला तरी सावरता येईल, त्याची कमाल मर्यादा हाच आकडा ठरवतो.

वस्तादांनी सांगितलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण रिगची रचना तिच्यावर अवलंबून आहे : अढी घट्ट बसली की हात सुटले तरी मुलगा खाली येत नाही. हात तिथे तोल सांभाळतात, भार मांड्या घेतात.

६ जून

मेश, म्हणजे मॉडेलच्या जाळीदार पृष्ठभागाची तपासणी. सुमारे १४,००० चौकोनी फेस, उंची १५० सेंटिमीटर. आढळलेल्या गोष्टी आणि उपाय :

ऑब्जेक्टचा स्केल १ नव्हता, ०.०१ होता. बोन लावण्याआधी रोटेशन आणि स्केल दोन्ही अप्लाय केले. हे राहिले तर आपोआप वेट (कोणता बोन कातडीला किती ओढतो ते प्रमाण) देण्याची पद्धत चुकीच्या अंतरांवर चालते आणि पुढे कंस्ट्रेंटच्या (एका बोनची हालचाल दुसऱ्याला बांधणाऱ्या नियमांच्या) अंतरांचे आकडे कशाशीच जुळत नाहीत.

ओठांच्या आत आणि कानामागे एकमेकांवर पडलेले व्हर्टेक्स (जाळीचे बिंदू). ‘मर्ज बाय डिस्टन्स’ ०.१ मिलिमीटरवर चालवले. ‘बोन हीट वेटिंग’ अयशस्वी झाल्याचा संदेश आला की दहापैकी नऊ वेळा कारण असेच असते : दुहेरी व्हर्टेक्स, आतल्या बाजूला अडकलेले फेस, किंवा उलटे नॉर्मल (फेसची बाहेरची दिशा).

गुडघ्यापाशी दोनच एज लूप (जाळीतल्या कडांची वलये) होते, तीन करून घेतले. एक सांध्यावर, एक वर, एक खाली. जांघेतले लूप आडवे पट्ट्यासारखे फिरत होते. ते जांघेच्या घडीतून तिरके वर, कमरेच्या हाडाच्या टोकाकडे जाणारे करून मागितले. मांडी पोटाकडे दुमडली की कातडीची घडी त्याच तिरक्या रेषेवर पडते. लूप आडवे असले तर कितीही सुबक वेट दिले तरी घडीच्या जागी दातेरी कडा येतात. ही दुरुस्ती मॉडेलमध्येच व्हायला हवी, रिगमध्ये ती भरून निघत नाही.

रेस्ट पोज (बोन लावताना मॉडेलची मूळ अवस्था) बदलून घेतली. आलेल्या मॉडेलचे हात ४५ अंश खाली होते. या मुलाचे हात बहुतेक वेळ डोक्यावर असणार. ४५ अंशांवरून पूर्ण वर जायला १३५ अंश फिरावे लागतात, आडव्या हातांवरून ९० पुरतात. आडव्यापेक्षा साधारण १० अंश खाली ठेवले, म्हणजे खांद्यावरचा स्नायू रेस्टमध्ये फारसा आकसलेला राहत नाही. पाय एकमेकांपासून २० अंश फाकवलेले, गुडघे ४ अंश वाकलेले. एवढ्या वाकण्यामुळे आयकेला (टोक हलवले की मधला सांधा आपोआप वाकवणाऱ्या पद्धतीला) गुडघा कोणत्या बाजूला मोडायचा ते कळते.

९ जून

बोनची मांडणी. विकृती घडवणारे आणि नियंत्रणाचे बोन वेगवेगळ्या बोन कलेक्शनमध्ये. ४.० पासून जुने ३२ लेयर जाऊन कलेक्शन आल्यामुळे त्यांना नावे देता येतात. ‘पकड’, ‘धड’, ‘बोटे’, ‘यंत्रणा’ अशी दिली.

नितंबसांध्याची जागा हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. समोरून पाहताना मांडी जिथे संपल्यासारखी वाटते त्या घडीवर बोनचे डोके ठेवण्याचा मोह होतो, आणि तसे ठेवले की पाय दुमडताना मांडी खाली घसरते आणि मागे नितंब फाटल्यासारखा दिसतो. खरा सांधा त्याहून वर आणि आत असतो. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि जघनास्थी यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यबिंदूच्या मागे, किंचित खाली. बाजूने पाहिले तर मांडीच्या बाहेर हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याच्या पातळीला.

दोन्ही नितंबसांधे जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर श्रोणीच्या बोनचे डोके. रिगिफायच्या मांडणीत ते असे असतेच असे नाही. इथे मात्र हवेच, कारण पुढे अढीतून वर येण्याच्या कामात सगळे त्यावर उभे राहील.

पाठीचे चार बोन : दोन कमरेचे, दोन छातीचे. पुढे-मागे वाकणे कमरेत जास्त, पिळणे छातीत जास्त. कमरेच्या मणक्यांचे सांधेच असे बसवलेले असतात की ते पिळू देत नाहीत. पाठीच्या एका कंट्रोलचे पिळणे चारही बोनांत समान वाटले तर मुलगा रबरी दिसतो. म्हणून कमरेच्या प्रत्येक बोनला १० टक्के, छातीच्या प्रत्येकाला ४०.

बोन रोल (बोनचे स्वतःच्या लांबीभोवतीचे वळण) सगळ्या हातापायांचे एकाच अक्षावर पुन्हा मोजून घेतले. एक्स अक्ष हा दुमडण्याचा अक्ष, सगळीकडे. नावांच्या शेवटी डॉट एल आणि डॉट आर. अ‍ॅनिमेशनची फाइल जोडली गेली की नावे कायमची गोठवायची. अ‍ॅक्शनमधले (साठवलेल्या हालचालीतले) कर्व्ह बोनच्या नावाने साठवलेले असतात, नाव बदलले की कर्व्ह असूनही बोन हलत नाही.

११ जून

खांदा. हात वर जाताना १८० पैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश खांद्याच्या फऱ्याच्या सरकण्यात होतात. हे २:१ प्रमाण इन्मन, साँडर्स आणि अ‍ॅबट यांनी १९४४ मध्ये मांडले, आणि ॲनिमेशनसाठी ते आजही पुरते. पहिल्या ३० अंशांत फरा जवळपास हलत नाही.

म्हणून गळपट्टीच्या बोनवर ट्रान्सफॉर्मेशन कंस्ट्रेंट. दंड जमिनीला समांतर होण्याच्या बराच आधीपासून काम सुरू, दंड ३० अंशांवर असताना ० आणि १८० ला पूर्ण. गळपट्टीचा बोन ६० अंश कधीच फिरवायचा नाही, ३० पुरे; उरलेले फऱ्याच्या सहायक बोनला द्यायचे, जो पाठीवर बाहेरच्या बाजूला सरकतो. लटकताना कान दंडांना टेकतात आणि मान आखूड दिसते. तसे दिसणे बरोबर आहे.

१३ जून

वेट. क्रम असा : आधी प्रत्येक व्हर्टेक्स एकाच बोनला पूर्ण १.० देऊन टाकायचा, शरीर लाकडी बाहुलीसारखे कडक करून सांधे फिरवून पाहायचे. सीमारेषा कुठे पडली ते अशा वेळी स्वच्छ दिसते. सीमा पक्की झाल्यावरच ती मऊ करायची. आपोआप मिळालेल्या वेटवर ब्रश फिरवत बसण्यापेक्षा हे जलद होते. ऑटो नॉर्मलाइझ सुरू, हाताळत नसलेले ग्रुप कुलूपबंद.

मनगटाचा पिळा. साध्या लिनिअर पद्धतीत दोन बोनांच्या मॅट्रिक्सची (जागा आणि दिशा सांगणाऱ्या आकड्यांची) सरासरी घेतली जाते आणि पिळा १८० अंशांजवळ गेला की मधला भाग पिळलेल्या पंचासारखा चिमटतो. ‘प्रिझर्व्ह व्हॉल्यूम’ चालू केले की ड्युअल क्वाटर्निअन पद्धत लागू होते, चिमटणे जाते, पण कोपर आणि गुडघा दुमडताना बाहेर फुगतात. या कामात दुमडणे पिळण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून प्रिझर्व्ह व्हॉल्यूम बंद आणि पिळ्यासाठी वेगळे बोन.

पुढच्या हाताचे तीन तुकडे. पिळा कोपराकडे ०, मध्ये निम्मा, मनगटाशी पूर्ण. दंडात उलट : कोपराकडे पूर्ण, खांद्याशी शून्य. पुष्कळ रिगमध्ये हे दुसरे विसरलेले असते आणि हात वळवला की खांद्यावरची कातडी फिरते. पिळा मोजण्यासाठी कॉपी रोटेशनचा वाय अक्ष न घेता ड्रायव्हरमध्ये (एका आकड्यावरून दुसरा चालवणाऱ्या समीकरणात) ‘स्विंग अँड वाय ट्विस्ट’ घेतले. ऑयलर कोन (तीन अक्षांवर वेगवेगळा मोजलेला) दुमडणे आणि पिळणे एकमेकांत मिसळतो आणि हात डोक्यावर गेला की पिळा अचानक ३६० ने उडी मारतो.

१७ जून

जांघ आणि नितंब. या रिगमध्ये सर्वांत जास्त वेळ इथे जायला हवा होता आणि गेला.

संदर्भ-चित्रणात अढी बसताना मांडी आणि धड यांच्यातला दुमडकोन १२० ते १३० अंश. एवढ्या दुमडण्यात तीन गोष्टी एकदम होतात. पुढे पोट आणि मांडी एकमेकांत घुसतात. मागे नितंबाची कातडी ताणून सपाट होते. आणि बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा आत जातो. फक्त वेटवर या तिन्ही गोष्टी जमत नाहीत. ९० अंशांसाठी घातलेले वेट १३० ला मोडते आणि १३० साठी घातलेले वेट साध्या उभ्या अवस्थेत मांडी सुजलेली दाखवते.

केलेली रचना : नितंबसांध्यावर एक अर्धकोनी सहायक बोन. तो श्रोणीचे मूल आहे आणि मांडीच्या फिरण्याच्या निम्मा फिरतो. जांघेची घडी आणि नितंबाचा खालचा भाग यांचे बरेचसे वेट त्याला. एवढ्याने ९० अंशांपर्यंतचे काम निभावते. त्यापुढे करेक्टिव्ह शेप की, म्हणजे मेशचा साठवलेला दुरुस्त आकार.

शेप की चालवणारा ड्रायव्हर दोन बोनांतला ‘रोटेशनल डिफरन्स’ वाचतो. इथे एक खड्डा आहे. श्रोणीचा बोन वर तोंड करून असतो आणि मांडीचा खाली, त्यामुळे रेस्टमध्येच त्यांच्यातला फरक १८० च्या जवळ दिसतो आणि दुमडताना आकडा वाढण्याऐवजी कमी होतो. उपाय म्हणजे श्रोणीचे मूल असलेला, पण रेस्टमध्ये मांडीच्या बोनवर तंतोतंत पडलेला एक मापक बोन. त्याच्याशी तुलना केली की मोजणी शून्यापासून सुरू होते. मापक बोनला वेट नाही, ‘डिफॉर्म’ बंद.

आकडा रेडियनमध्ये मिळतो. ९० अंश म्हणजे १.५७, १३० म्हणजे २.२७. समीकरण : फरकातून १.५७ वजा, भागिले ०.७०. शेप कीची मर्यादा ० ते १ असल्यामुळे त्याआधी आणि त्यानंतर ती आपोआप थांबते.

शेप कोरताना पाय दुमडलेल्या अवस्थेतच स्कल्प्ट करायचे, ब्लेंडर तो बदल रेस्टच्या अवस्थेत उलटवून साठवतो. मात्र त्या वेळी करेक्टिव्ह स्मूथ (मेश आपोआप गुळगुळीत करणारी क्रिया) बंद ठेवावे. नाहीतर कोरलेली घडी ते पुन्हा पुसते आणि आपण आणखी खोल कोरत जातो.

लंगोट-जांगियाचे वेट शरीरावरून ‘नीअरेस्ट फेस इंटरपोलेटेड’ पद्धतीने घेतले, खालची कातडी मास्कने लपवली. शेप की मात्र वेटबरोबर येत नाही. शरीराची करेक्टिव्ह चालू झाली आणि कपड्याची नसली तर जांघेतून कातडी बाहेर डोकावते. कपड्यावर त्याच नावाची शेप की, तोच ड्रायव्हर.

२० जून

मांडी आणि खांब. मॉडिफायरचा (मेशवर आपोआप लागणाऱ्या क्रियांचा) क्रम : आर्मेचर (बोनप्रमाणे हलवणे), करेक्टिव्ह स्मूथ, श्रिंकरॅप (दुसऱ्या पृष्ठभागावर बसवणे), शेवटी सबडिव्हिजन (जाळी बारीक करणे). स्मूथ श्रिंकरॅपनंतर लावले तर बाहेर ढकललेले व्हर्टेक्स ते पुन्हा खांबात ओढते.

श्रिंकरॅपचा स्नॅप मोड ‘आउटसाइड’, म्हणजे आत घुसलेलेच व्हर्टेक्स हलतील, बाहेरचे जागेवर राहतील. व्हर्टेक्स ग्रुप फक्त मांडीची आतली बाजू, पोटरीची आतली बाजू, बगल आणि छातीचा पुढचा भाग. कडेला ग्रुपचे वेट १ वरून ० पर्यंत ३ सेंटिमीटरांत उतरवले. उतार नसला तर मांडीवर चौकोनी ठसा उमटतो.

मर्यादा : ही पद्धत सर्वांत जवळच्या पृष्ठभागाकडे ढकलते. व्हर्टेक्स खांबाच्या मध्यरेषेच्या पलीकडे गेला तर त्याला पलीकडची बाजू जवळची वाटते आणि मांडी खांबाच्या आरपार बाहेर येते. अढीच्या उंचीवर त्रिज्या ६.२ आहे. अ‍ॅनिमेशन तुकडीला मर्यादा ४ सेंटिमीटर सांगितली आहे. मानेजवळ खांब बारीक होतो, तिथे ३.

ऑफसेट २ मिलिमीटर. शून्य ठेवला तर व्हर्टेक्स खांबावर बसतात, पण सबडिव्हिजन त्यांच्यामधला पृष्ठभाग आत ओढते. दीड सेंटिमीटर अंतरावरच्या व्हर्टेक्ससाठी हा फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा येतो आणि रेंडरमध्ये लाकडाचे ठिपके कातडीतून दिसतात.

दाबलेले मांस कुठेतरी गेले पाहिजे. ‘मांडी-दाब’ नावाची शेप की केली : स्पर्शाच्या वर आणि खाली मांडी ८ ते १० मिलिमीटर फुगते. ती अंतरावरून आपोआप चालवता आली असती, पण हाताने चालवायचा स्लायडर दिला आहे. मांडी खांबाला टेकणे आणि आवळणे यांत अंतराचा फरक जवळपास नसतो, जोराचा असतो. तो अ‍ॅनिमेटरच्या डोळ्यालाच ठरवू द्यावा.

२४ जून

पकड-पिव्होट, म्हणजे पकडीवर ठेवलेले फिरण्याचे केंद्र. पाऊस सुरू झाल्यामुळे उघड्यावरचा खांब बंद आहे, दुसरे चित्रण पुढे गेले. आहे त्या फितींवर काम.

पहिली स्थिती, हातांना लटकणे. नेहमीच्या रिगमध्ये हाताचे आयके कंट्रोल खांबावर खिळवतात आणि कंबर हलवून झोका दाखवतात. कंबर सरळ रेषेत किंवा नुसत्या अंदाजाने हलते, त्यामुळे खांदा आणि पकड यांतले अंतर दर फ्रेमला बदलते आणि कोपरे थरथरतात. झोका हा पकडीभोवतीचा कंस आहे. फिरण्याचे केंद्र पकडीवर असले तर अंतर बदलतच नाही, कोपर आपोआप शांत राहते.

साखळी अशी : रूट, त्याचे मूल पकड-पिव्होट, त्याचे मूल प्रतिपिव्होट, त्याचे मूल कंबर. पिव्होट जेवढा सरकेल तेवढाच प्रतिपिव्होट उलट सरकतो, म्हणून पिव्होट नेऊन पकडीवर ठेवला तरी शरीर हलत नाही. मग पिव्होट फिरवला की सगळे शरीर त्या बिंदूभोवती फिरते.

हे फक्त पिव्होटचे फिरणे शून्य असेपर्यंत खरे आहे. तो ४० अंश फिरलेला असताना जागा बदलली तर प्रतिपिव्होटचे सरकणेही ४० अंशांनी फिरलेले असते आणि शरीर उडी मारते. त्यामुळे पकड बदलताना एक लहान स्क्रिप्ट : कंबरेचे सध्याचे मॅट्रिक्स लक्षात ठेव, पिव्होटचे फिरणे शून्य कर, नव्या पकडीवर ने, सीन अद्ययावत कर, मग कंबरेला जुने मॅट्रिक्स परत दे. मध्ये अद्ययावत करण्याची ओळ राहिली तर ब्लेंडर जुनीच स्थिती वाचतो आणि कंबर चुकीच्या ठिकाणी जाते. की (फ्रेमवर नोंदलेली स्थिती) आधीच्या फ्रेमवर जुन्या स्थितीची आणि या फ्रेमवर नव्या स्थितीची, दोन्हींचे इंटरपोलेशन (मधल्या वेळेतला बदल) कॉन्स्टंट, म्हणजे एकदम. बेझिअर (हळूहळू बदलणारे) राहिले तर त्या दोन फ्रेमांच्या मध्ये, मोशन ब्लरमध्ये, मुलगा एका बाजूला फेकल्यासारखा दिसतो.

हातापायांच्या जागेसाठी आर्मेचर कंस्ट्रेंट, तीन लक्ष्ये : खांब, धड, जग. अनेक ‘चाइल्ड ऑफ’ लावून प्रत्येकाचे इन्व्हर्स सेट करत बसण्यापेक्षा हे स्वच्छ. पिव्होट हाताच्या कंट्रोलला कंस्ट्रेंटने बांधायचा नाही, नेऊन ठेवायचा. बांधला आणि हात कधी ‘धड’ या जागेत गेला तर हात धडावर, धड पिव्होटवर, पिव्होट हातावर असे वर्तुळ तयार होते. कन्सोलमध्ये डिपेन्डन्सी सायकलची ओळ येते आणि पोज एक फ्रेम मागे पडते.

दुसरी स्थिती, अढी. इथे खरी अडचण आहे. मुलगा उलटा आहे, मांड्यांनी खांब धरला आहे आणि धड उचलून वर येतो. मांड्या स्थिर, श्रोणी फिरते. पण प्रत्येक रिगमध्ये श्रोणी पालक आणि मांडी मूल असते. श्रोणी फिरवली की मांड्याही फिरतात आणि पकड सुटते. मांड्या प्रत्येक फ्रेमला उलट फिरवून भरपाई करणे हा यातला नेहमीचा मार्ग, आणि त्यातूनच ती फट दिसते.

साखळी उलटी न करता मार्ग निघतो. पिव्होट स्पर्शबिंदूवर न ठेवता दोन नितंबसांध्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर ठेवायचा. श्रोणी त्या रेषेभोवती फिरली की दोन्ही सांध्यांची जागा बदलत नाही. मांडीच्या वर एक खोबणी-बोन घातला आहे : तो जागा श्रोणीकडून घेतो आणि फिरणे ‘खांब’ या जागेतून. दोन्ही मिळून मांडीची जागाही हलत नाही, दिशाही नाही. श्रोणी आणि धड उचलले जातात, मांड्या खांबावर शिल्पासारख्या राहतात, आणि १७ तारखेची शेप की योग्य कोनाला चालू-बंद होते, कारण रोटेशनल डिफरन्स प्रत्यक्ष स्थितीतला फरक मोजतो, कोणाचे पालक कोण ते पाहत नाही.

यात एक मर्यादा राहते. धड तिरके, एका बाजूला वळवून वर आणले तर रेषेचा एक सांधा वर आणि एक खाली जातो आणि मांड्या सरकतात. १० अंशांपर्यंतच्या तिरकेपणात सरकणे मांडी-दाबाच्या आत लपते. त्यापुढे वळणे छातीच्या बोनमध्ये न्यायचे. संदर्भ-चित्रणातही वळणे बव्हंशी तिथेच दिसते.

२७ जून

तळहात. अंगठा सोडून, तळहातातली हाडे धरून प्रत्येक बोटाला चार बोन. तर्जनी आणि मध्यमेची तळहातातली हाडे जवळजवळ हलत नाहीत, अनामिकेचे थोडे, करंगळीचे सर्वांत जास्त. ही दोन हलली नाहीत तर तळहात फळीसारखा राहतो आणि गोल खांब फक्त बोटांनी धरलेला दिसतो. ‘ओंजळ’ नावाचा एक कंट्रोल केला आहे : करंगळीला २५ अंश, अनामिकेला १२.

बोटे मिटण्याचा कंट्रोल खांबाच्या घेराप्रमाणे तीन जतन केलेल्या पोजमध्ये : तळ, मध्य, मान. पोज असेट लायब्ररीत घातल्या.

३० जून

कंबरेच्या कंट्रोलचा रोटेशन क्रम. मुलगा पूर्ण उलटा होतो आणि खांबाभोवती एकाहून जास्त फेरेही घेतो. क्वाटर्निअनमध्ये (फिरणे चार आकड्यांत नोंदण्याच्या पद्धतीत) दोन कीच्या मध्ये १८० अंशांपेक्षा मोठे फिरणे सांगताच येत नाही, ते जवळच्या वाटेने जाते. म्हणून ऑयलर. कंबरेच्या बोनचा वाय अक्ष उभा : वाय म्हणजे फिरकी, एक्स म्हणजे कुलाटी, झेड म्हणजे बाजूला झुकणे. गिंबल लॉक (दोन अक्ष एकमेकांवर पडणे) मधला अक्ष ९० ला पोहोचल्यावर होतो, म्हणून मध्ये तोच अक्ष ठेवायचा जो ९० पर्यंत जाण्याची शक्यता सर्वांत कमी, म्हणजे झेड. फिरकी सर्वांत बाहेर. क्रम एक्स-झेड-वाय. नेहमीचा एक्स-वाय-झेड ठेवला तर पाव फेरीतच कुलाटी आणि झुकणे एकच होऊन बसतात.

३ जुलै

अ‍ॅनिमेशन तुकडीची पहिली चाचणी आली. अढी धरते आहे, फट नाही. तक्रार दोन ठिकाणी.

उतरताना पाय सरळ होतात तिथे गुडघा झटका देतो. हा रिगचा दोष वाटतो, पण भूमितीचा आहे. मांडी ३७, पोटरी ३७, एकूण ७४ सेंटिमीटर. पाय पूर्ण सरळ असताना घोटा फक्त १ सेंटिमीटर जवळ आला की गुडघा जवळजवळ १९ अंश वाकतो. पुढच्या सेंटिमीटरला आणखी ८ अंशच. म्हणजे सरळ होण्याच्या शेवटच्या क्षणी सगळा वेग एकवटतो. हवेतल्या पायांना एफके (सांधे एकेक करून फिरवणे), हे मुख्य उत्तर. जमीन जवळ आल्यावर शेवटच्या चार-पाच फ्रेमांत आयके, आणि तिथे गुडघा ५ अंशांपेक्षा सरळ होऊ द्यायचा नाही. दीड टक्क्यापर्यंत ताणाची मुभा घोट्याच्या कंट्रोलवर स्लायडरने दिली, मूळ स्थितीत शून्य.

दुसरी : बोंडावरच्या ताजव्यात पाऊल बोंडात शिरते. पावलाला चवडा, टाच आणि बोटे असे तीनच बोन आहेत आणि बोंड गोल आहे. तळपायाच्या कमानीसाठी एक शेप की, स्लायडरने. श्रिंकरॅपच्या ग्रुपमध्ये तळपाय घातला, पण बोंडासाठी वेगळा श्रिंकरॅप आणि वेगळे लक्ष्य, कारण खांबाच्या मेशला मान जिथे आत वळते तिथे जवळचा पृष्ठभाग दर फ्रेमला बदलतो आणि बोटे नाचतात.

७ जुलै

रिगची फाइल सोपवली. शॉट फाइलमध्ये लिंक करून लायब्ररी ओव्हरराइड (मूळ फाइल जोडलेली ठेवून वरून बदल). अपेंड (वेगळी प्रत घेणे) करायचे नाही, नाहीतर इथली दुरुस्ती तिकडे पोहोचणार नाही. फाइलमध्ये एक ‘कवायत’ अ‍ॅक्शन ठेवली आहे : प्रत्येक सांधा २० फ्रेमांत त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो, शेवटी सलामी, अढी आणि फिरकीच्या पोज. वेट किंवा शेप कीला हात लावला की आधी ही अ‍ॅक्शन पूर्ण चालवून पाहायची, मगच जतन करायचे.

शिल्लक : बगलेतल्या पकडीत छातीचा स्नायू खांबावर दाबला जातो तिथली शेप की डाव्या बाजूची झाली आहे, उजवीकडे आरसा करताना टोपॉलॉजी मिररचा पर्याय घ्यावा लागेल, कारण मेशमधल्या व्हर्टेक्सच्या जागा दोन्ही बाजूंना अगदी सारख्या नाहीत. ते झाले की खांबावरच्या बाकीच्या पकडी.